ट्रॅक्टरची चाचणी आणि अपघाताची जबाबदारी

सोनपेठ तालुक्यात कापूस, सोयाबीन व ऊस या पिकांच्या मशागतीसाठी ट्रॅक्टरचा उपयोग आता सर्रास होतो. ट्रॅक्टर विकत घेण्यापूर्वी तो चालवून पाहणे शहाणपणाचेच होय. परंतु इंजिन व टायर पारखणारा शेतकरी कागदपत्रे सहसा पारखीत नाही. अशा चाचणीत अपघात घडल्यास भरपाई कोणी द्यावयाची, हे आधीच समजून घेणे हिताचे आहे.

जबाबदारी कोणाची?

निष्काळजीपणे वाहन चालविणारा इसम स्वतः जबाबदार ठरतोच. त्याच्याबरोबर, ज्याच्या नावे वाहनाची नोंदणी आहे तो मालकही जबाबदार ठरतो. जुन्या ट्रॅक्टरचा सौदा होऊन पैसे चुकते झाले, तरी परभणीच्या परिवहन कार्यालयात नाव बदलले नसेल, तर नोंदणीतील मालकाची जबाबदारी सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असाच निर्णय दिला आहे. विक्रेत्याकडील नव्या ट्रॅक्टरची नोंदणी झालेली नसते. तो रस्त्यावर आणण्यास विक्रेत्याजवळ परिवहन खात्याचे व्यापार प्रमाणपत्र व चालू विमा असावा लागतो.

विम्याचे संरक्षण कोणास?

मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये सार्वजनिक रस्त्यावरील वाहनास त्रयस्थाचा विमा सक्तीचा आहे. त्रयस्थ म्हणजे रस्त्याने जाणारा पादचारी, सायकलस्वार इत्यादी. चूक सिद्ध न करताही मृत्यूबद्दल पाच लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मागण्याची तरतूद या कायद्यात आहे. चालकाजवळ परवाना नसेल, तर विमा कंपनीने जखमीस दिलेली रक्कम पुढे मालकाकडून वसूल होऊ शकते.

खरा धोका चाचणी घेणाऱ्यालाच असतो. मागून घेतलेले वाहन चालविणारा मालकाच्याच जागी मानला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ठरविले. म्हणून स्वतःच्या दुखापतीसाठी त्याला त्रयस्थाचा विमा मिळत नाही. मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमाही मालकापुरताच असतो. ट्रॅक्टरवर बसण्याची जागा एकाच माणसाची असल्याने मडगार्डवर बसलेल्या सोबत्यासही विम्याचा भरवसा नसतो. घरचा कर्ता पुरुष अशा वेळी जायबंदी झाला, तर कुटुंब उघड्यावर पडते.

चाचणीपूर्वी घ्यावयाची काळजी

१. नोंदणीपुस्तक व विमापत्र स्वतः पाहावे; विम्याची मुदत संपलेली नाही याची खात्री करावी.

२. चालविणाऱ्याजवळ ट्रॅक्टर चालविण्याचा परवाना असावा. अठरा वर्षांखालील मुलास चाचणी देऊ नये.

३. विमा चालविणाऱ्यासही लागू आहे काय, हे विचारून घ्यावे. नसल्यास विक्रेत्याच्या चालकाने ट्रॅक्टर चालवावा व आपण बाजूस उभे राहून पाहावे.

४. पहिली चाचणी मोकळ्या, सपाट शेतात घ्यावी. मडगार्डवर कोणासही बसवू नये.

अपघात घडल्यास

जखमीस प्रथम दवाखान्यात न्यावे. चोवीस तासांच्या आत पोलिसांस खबर द्यावी व विमा कंपनीस कळवावे. परस्पर तडजोड करून खबर दडविल्यास पुढे दावा दुबळा होतो. भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो. कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातलेली असल्याने विलंब करू नये.

शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली, अटींस अधीन राहून, वारसांस दोन लाख रुपये मिळू शकतात. त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे त्वरित अर्ज करावा.

ट्रॅक्टर खरेदीसाठी शेतकरी सल्ला विचारण्यास आला, म्हणजे गावपातळीवरील कार्यकर्त्याने अश्वशक्ती व किंमत यांबरोबरच विमापत्र व परवाना यांचीही चौकशी करावी. दोन कागद पाहण्यास पाच मिनिटे लागतात. ते न पाहिल्यास कधी कधी जमीन विकण्याची पाळी येते.