बटाट्याचे बेणे : कापून लावावे की अखंड?

बटाट्याच्या पिकात बेण्यावर होणारा खर्च फार मोठा असतो. तो कमी करण्यासाठी पुष्कळ शेतकरी बटाटे कापून फोडी लावतात. यात बचत होते हे खरे. परंतु कापणे चुकले तर फोडी कुजतात, शेतात तुटाळ पडते आणि वाचविलेल्या पैशाहून अधिक नुकसान होते. म्हणून बेणे केव्हा कापावे व कसे कापावे हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

बटाटा हे मूळ नसून जमिनीत वाढणारे खोड आहे, आणि त्याचे डोळे म्हणजे त्या खोडावरील कळ्या होत. शेंड्याकडील डोळे प्रथम फुटतात व बुडाकडील डोळ्यांना दाबून ठेवतात. यासाठी बटाटा आडवा न कापता शेंड्यापासून बुडापर्यंत उभा कापावा, म्हणजे प्रत्येक फोडीस शेंड्याकडील जोमदार डोळे मिळतात.

कोंबाला मुळ्या फुटेपर्यंत त्याचे पोषण फोडीतील गरावरच होते. म्हणून फोड ३० ते ४० ग्रॅम वजनाची असावी व तिच्यावर दोन-तीन डोळे असावेत. लहान फोडीपासून एखादेच अशक्त खोड निघते. बटाटे थोडे लागतात. ६० सें.मी. अंतरावरील सरीत २० सें.मी. वर लागण केल्यास हेक्टरी सुमारे ८३,००० झाडे बसतात. ३० ग्रॅमच्या फोडींनी त्यास सुमारे २५ क्विंटल बेणे लागते, तर ८० ग्रॅमचे अखंड बटाटे लावल्यास ६६ क्विंटल. यावरून मोठे बटाटे कापणे फायद्याचे असते, परंतु ३० ते ५० ग्रॅमचे बटाटे अखंडच लावणे श्रेयस्कर, हे ध्यानात येईल. मात्र रोगट पिकातील बारीक बटाटे बेण्यास घेऊ नयेत. विषाणूरोग झालेल्या झाडांना पुष्कळदा बारीकच बटाटे लागतात.

कापलेली बाजू ही उघडी जखम होय. सावलीत, हवा खेळती ठेवून व ओलसर गोणपाट झाकून फोडी पसरल्यास काही दिवसांत जखमेवर बुचासारखी नवी साल धरते. १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानात हे काम चांगले होते. फोडी उन्हात वाळविल्यास त्या वरून कोरड्या दिसतात, पण साल धरत नाही. फोडींचा ढीगही करू नये. त्यात ऊब धरून कूज सुरू होते. शीतगृहातून आणलेले बटाटे थंड असताना कापू नयेत. ते आठ-दहा दिवस सावलीत पसरून, मोड दिसू लागल्यावर कापावेत.

पुणे व सातारा जिल्ह्यांत बटाटा खरिपात व रब्बीतही होतो. खरिपात जमीन उबदार व ओली असल्याने फोडी कुजण्याचा धोका अधिक. त्या हंगामात अखंड बेणेच लावावे. रब्बीत, थंडी पडू लागल्यावर, साल धरलेल्या फोडी वाफशावर लावण्यास हरकत नाही. लागणीनंतर सरीत पाणी साचू देऊ नये.

बांगडी रोगाचे जंतू विळ्याबरोबर एका बटाट्यातून दुसऱ्यात जातात. कापताना आत तपकिरी कडे दिसले तर तो बटाटा बाजूस काढून नष्ट करावा. दोन विळे ठेवून एक उकळत्या पाण्यात असू द्यावा व ते आलटून पालटून वापरावेत. ज्या बेण्यात असे बटाटे वारंवार आढळतील ते बेणे लावूच नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एकाच शेतात काही सऱ्या अखंड बेण्याच्या व काही फोडींच्या लावून दाखवाव्यात. महिन्याभराने दोन्हींतील तुटाळ मोजावी आणि काढणीच्या वेळी उत्पन्न वजन करून पाहावे. त्यातून बेण्याची बचत वजा जाता पदरात काय पडले, हे शेतकऱ्यास स्वतःच्या शेतातच कळून येईल.