कर्ज मंजूर, पण आधी पैसे भरा!



लागणीची घाई, खताचा खर्च आणि पोरांच्या शाळेची फी एकाच वेळी येते. ऊसबिल तर अजून लांब असते. नेमकी हीच वेळ साधून फसवणारा माणूस येतो. पूर्वी तो दारात यायचा, आता मोबाईलवर येतो.

गेल्या आषाढात एक सभासद आमच्या गट ऑफिसात आले. "साहेब, बिलातनं चौदा हजारांची उचल मिळंल का?" कशाला, असे विचारल्यावर त्यांनी मोबाईलवर ट्रॅक्टरसाठी ५ लाखांचे कर्ज मंजूर झाल्याचे पत्र दाखवले. पत्रावर शिक्का, सही, बँकेचे चिन्ह सगळे होते. फाईलचा खर्च २,४५० रुपये आणि विम्याचे ८,५०० रुपये त्यांनी आधीच पाठवले होते. आता 'कराचे' १४,००० भरले की संध्याकाळी रक्कम जमा, असे त्यांना सांगण्यात आले होते. आम्ही त्या बँकेच्या तालुक्यातील शाखेत चौकशी केली. असा अर्जच तिथे नव्हता! चौदा हजार वाचले. आधीचे १०,९५० मात्र अद्याप परत आलेले नाहीत. पहिली रक्कम पाठवून नऊ दिवस झाले होते आणि लाजेपोटी त्यांनी घरातही सांगितले नव्हते.

आपण बेणे घेताना मळा स्वतः पाहतो, डोळे तपासतो. कर्ज घेतानाही तेच करावे.

१) कर्ज मिळण्याआधी कोणाच्या खाजगी नंबरवर पैसे पाठवू नयेत. बँकेचा खर्च असेल तर तो शाखेत भरून पावती घ्यावी.

२) २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे मोबाईलवरून घेतलेले कर्ज थेट कर्जदाराच्या खात्यावर जमा झाले पाहिजे आणि व्याज व खर्चाचा तपशील करारापूर्वी मिळाला पाहिजे.

३) ओटीपी, पिन, एटीएमचा नंबर कोणालाही सांगू नये. बँकेचा साहेब म्हणवणारा असला तरी नाही!

४) कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या फॉर्मवर सही-अंगठा करू नये. आधार व सातबाऱ्याची झेरॉक्स देताना तिच्यावर कारण व तारीख लिहावी.

५) सावकाराकडे परवाना आहे का ते पाहावे. बेकायदा सावकारीची तक्रार २०१४ च्या कायद्याखाली सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे करता येते.

एवढे करूनही फसगत झालीच, तर त्याच तासाला १९३० नंबरवर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. पैसा पुढच्या खात्यातून निघण्याआधी तो अडवता येतो. उशीर झाला की हाती काही लागत नाही. खोडकिडीसारखेच आहे हे, पोंगा वाळेपर्यंत थांबलो तर औषध कशावर मारणार?

शंका आली तर पैसे पाठवण्याआधी गट ऑफिसात या. विचारण्यात कमीपणा नाही. वर्षभर राबून पिकवलेल्या उसाचा पैसा आहे तो.