दुर्बीण का निसटते?

नागपूरहून कुहीला जाणाऱ्या एस.टी.त तुम्ही उभे आहात अशी कल्पना करा. गर्दी आहे, बसायला जागा नाही. कंडक्टर घंटी देतो, गाडी हिसका देऊन सुटते आणि तुम्ही मागच्या माणसावर आदळता. तो म्हणतो, "अहो, धक्का काय देता?" पण तुम्ही धक्का दिलेला नसतो, आणि तुम्हालाही कोणी ढकललेले नसते. तुम्ही जागच्या जागी राहू पाहत होता. तुमच्या पायाखालची गाडी तेवढी पुढे गेली. यालाच आपण जडत्व म्हणतो.

जडत्वाचा हाच नियम बंदुकीवर बसवलेल्या दुर्बिणीला लागू पडतो. तो कसा, ते आज पाहू.

कुही तालुक्याचा काही भाग उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात येतो. नागझिऱ्याहून २०१३ साली इथे आलेला 'जय' नावाचा वाघ तुम्ही ऐकून असाल. २०१६ साली तो दिसेनासा झाला; त्याच्या आदल्या वर्षी त्याच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बांधला होता. पट्टा बांधण्यासाठी वाघाला आधी भूल द्यावी लागते, आणि भुलीचे औषध बाणातून बंदुकीने सोडतात. हा बाण फार वेगाने जाऊन चालत नाही, नाहीतर तो जनावराला इजा करील. म्हणून या बंदुकीचा मागचा धक्काही लहान असतो आणि तिच्यावर दुर्बीण टिकवणे सोपे जाते.

पण धक्का मोठा असेल तर? त्याचे टोकाचे उदाहरण अमेरिकेत सापडते. तेथील काही राज्यांत जबर ताकदीच्या रिव्हॉल्व्हरने शिकार करण्याची मुभा आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. आपल्याला येथे शिकार शिकायची नाही. आपला प्रश्न यंत्रशास्त्राचा आहे.

१९५५ साली स्मिथ अँड वेसन या कंपनीने '४४ मॅग्नम' काडतुसाचे रिव्हॉल्व्हर तयार केले. त्याची गोळी सुमारे १५.५ ग्रॅम वजनाची, आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे ४३० मीटर. आता वही-पेन्सिल घ्या.

गोळीचा संवेग = ०.०१५५ × ४३० = सुमारे ६.७ एकक. जळलेल्या दारूचे वायूही नळीतून सुसाट बाहेर पडतात. त्यांचा संवेग मिळवला तर बेरीज ८ च्या आसपास जाते. क्रियेइतकीच प्रतिक्रिया, हा न्यूटनचा तिसरा नियम. म्हणून रिव्हॉल्व्हरलाही मागच्या दिशेने तेवढाच संवेग मिळतो. दुर्बिणीसकट त्याचे वस्तुमान १.६ किलोग्रॅम धरले, तर त्याचा वेग ८ ÷ १.६ = ५ मीटर दर सेकंद येतो.

पाच मीटर म्हणजे सायकलीचा वेग! त्यात काय विशेष, असे तुम्ही म्हणाल. पण हा वेग त्याला मिळतो तो जवळजवळ सेकंदाच्या हजाराव्या भागात. म्हणजे त्वरण झाले ५,००० मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वीय त्वरणाच्या पाचशे पट!

आता दुर्बिणीकडे पाहा. रिव्हॉल्व्हर मागे उसळते, पण दुर्बीण जागच्या जागी राहू पाहते, एस.टी.तल्या तुमच्यासारखी. तिला सोबत न्यायचे तर बळ लावले पाहिजे. दुर्बीण आणि तिच्या कड्या मिळून ०.३ किलोग्रॅम धरू. बळ = ०.३ × ५,००० = १,५०० न्यूटन. म्हणजे सुमारे दीड क्विंटल वजनाचा भार! पेरूएवढ्या वजनाच्या वस्तूवर क्षणभर दीड क्विंटल! तोही दर गोळीला.

हे बळ कोण पुरवणार? पहिले उत्तर : घर्षण. कड्या स्क्रूने आवळल्या की त्या दुर्बिणीची नळी घट्ट धरतात. घर्षणांक ०.२ असेल, तर १,५०० न्यूटनसाठी ७,५०० न्यूटनचा दाब हवा. मध्ये तेलाचा थर राहिला आणि घर्षणांक ०.१ झाला, तर दाब दुप्पट हवा. म्हणून जाणता कारागीर बसवण्यापूर्वी कड्या आणि नळी स्पिरिटने पुसून कोरड्या करतो. मग स्क्रू वाटेल तेवढे का आवळू नयेत? कारण नळी पातळ असते. ती चेपते आणि आतली भिंगे अडकून बसतात.

यावर उपाय म्हणून दोनऐवजी तीन कड्या लावतात. येथे एखादा हुशार विद्यार्थी हात वर करील : "सर, घर्षण तर क्षेत्रफळावर अवलंबून नसते!" शाबास. फायदा क्षेत्रफळाचा नव्हेच. तिसऱ्या कडीबरोबर तिचे स्क्रू येतात आणि एकूण दाब वाढतो, तोही नळी एका जागी न चेपता.

दुसरे उत्तर याहून पक्के : अडणी. घामेजल्या हाताने एस.टी.चा दांडा धरला तर हात सरकतो. पण पाठीशी सीटची पाठ असेल तर तुम्ही सरकूच शकत नाही. तसेच बैठकीत आडवी खाच पाडतात आणि कडीच्या तळाचा उंचवटा तिच्यात बसवतात. १९८७ साली आलेल्या रुगर कंपनीच्या 'सुपर रेडहॉक' रिव्हॉल्व्हरमध्ये तर अशा खाचा मूळ चौकटीतच कोरलेल्या आहेत. मात्र स्क्रू आवळण्यापूर्वी कडी पुढे सरकवून खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवली पाहिजे. फट राहिली तर कडी आधी सरकते आणि मग हातोड्यासारखी आदळते.

हे सगळे घरी पडताळून पाहा. गुळगुळीत फळीवर एक नाणे ठेवा आणि फळी झटकन आपल्याकडे ओढा. नाणे मागे राहील. आता नाण्याच्या पलीकडच्या बाजूला, त्याला टेकवून, एक काडी चिकटवा आणि पुन्हा ओढा. नाणे मुकाट्याने फळीबरोबर येईल. शेवटी नाणे आणि काडी यांत बोटभर अंतर ठेवून पाहा, आणि 'टक्' आवाज ऐका.

इतका खटाटोप कशासाठी? दोन कड्यांत १० सेंटिमीटर अंतर आहे आणि एक टोक फक्त ०.१ मिलिमीटर बाजूला सरकले, असे समजा. हजारात एक एवढा हा फरक. पण ५० मीटरवर नेम ५ सेंटिमीटर चुकतो. गोळी असेल तर जनावर मरत नाही, जखमी होऊन रानात तडफडते. भुलीचा बाण असेल तर तो मांडीच्या जाड स्नायूऐवजी भलतीकडे लागू शकतो. म्हणून जबाबदार माणूस दुर्बीण आणि कडी यांवर रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवतो. रेघ तुटलेली दिसली की दुर्बीण सरकली, हे त्याला कळते.

ही युक्ती बंदुकीपुरती नाही. विहिरीवरचा पंप, ट्रॅक्टरचा नांगर, सायकलचे कॅरियर, जिथे हिसके बसतात तिथे नुसत्या आवळण्यावर विसंबू नये. पुढच्या वेळी तुमच्या गावातल्या एखाद्या यंत्राकडे पाहा आणि स्वतःला विचारा : येथे वस्तू घर्षणाने धरली आहे, की अडणीने?