मेंदूला उधारी चालत नाही

बसल्या जागेवरून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर घटल्याची ही खूण.

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू तो २० टक्के खातो, आणि साठवून जवळजवळ काहीच ठेवत नाही. चेतापेशी ही गळकी होडी आहे: आत शिरणारा सोडियम तिला याच प्राणवायूच्या जोरावर सतत बाहेर उपसावा लागतो. गुठळीने मेंदूची रक्तवाहिनी बंद झाली, म्हणजेच पक्षाघात झाला, की उपसा थांबतो. सोडियमपाठोपाठ पाणी शिरतं, पेशी फुगते. तिच्यातून ग्लुटामेट हे रसायन भसाभस बाहेर पडतं आणि शेजारच्या पेशींची दारं उघडतं. तिथे कॅल्शियम घुसतं, विकरं मोकाट सुटतात आणि पेशी स्वतःलाच पचवू लागते. मोठी वाहिनी तुंबली तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात.

मात्र मरणाऱ्या पेशींच्या भोवतालचा भाग शेजारच्या वाहिन्यांच्या तुटपुंज्या रक्तावर काही तास तग धरतो. उपचार असतो तो यालाच वाचवण्यासाठी. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

म्हणून तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोबडी वळली, तर ‘थोडं पडून बघू’ म्हणू नका. लगेच १०८ ला फोन करा.