कंसातली नावं आणि ठिपक्यांची रेघ

कागदाची किंवा मोबाइलच्या पडद्याची मांडणी चांगली आहे की नाही, हे ओळखायची माझी कसोटी एकच आहे. ज्याचं काम आहे त्याला तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो का? लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरसारख्या गावात ही कसोटी रोजच लागते. भोवताली सोयाबीन, तूर, कपाशी. कर्ज, पीकविमा, अनुदान, वारसनोंद, काहीही असो, सातबारा लागतोच. आणि तो हातात असूनही माणसं पटवाऱ्याकडे नाहीतर सेवा केंद्रात जाऊन विचारतात, ‘यात काय लिहिलंय?’ विचारणाऱ्यांत पदवीधरही असतात.

सप्टेंबर २०२० मध्ये राज्याच्या महसूल खात्याने या सातबाऱ्याचा नमुना बदलला. त्याआधी जवळपास पन्नास वर्षं तो तसाच होता. माझ्या मते मराठीतलं हे अलीकडचं सर्वांत मोलाचं रचनाकाम, पण संकल्पनाकारांच्या संमेलनात त्याचं नाव कुणी काढत नाही. बदल दिसायला किरकोळ आहेत. पूर्वी रद्द झालेलं नाव कंसात टाकत. मयत आजोबांचं नाव कंसात दिसलं, की नातवाला प्रश्न पडायचा: हे नाव आहे की गेलं? एरवी आपण कंसात जादा माहिती लिहितो. तलाठ्याच्या कंसाचा अर्थ नेमका उलटा, आणि तो फक्त त्यालाच ठाऊक. आता अशा नावावर सरळ आडवी रेघ मारलेली असते. रेघेला भाषांतर लागत नाही.

दोन खातेदारांच्या मध्ये ठिपक्यांची रेघ आली. त्यामुळे कोणतं क्षेत्र कोणाचं, हे बोट न ठेवता कळतं. खाते क्रमांक नावासोबत आला. गटाचं एकूण क्षेत्र आलं. कागदभर विखुरलेले जुने फेरफार क्रमांक एका जागी शेवटी गेले. मला सर्वांत आवडलेला बदल मात्र प्रलंबित फेरफाराचा. खरेदीची किंवा वारसाची नोंद अडकून पडली असेल, तर ती सातबाऱ्यावरच वेगळी दिसते. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९४ साली पडद्यांसाठी जे दहा नियम मांडले, त्यांतला पहिला हाच: आत काय चाललंय ते वापरणाऱ्याला दिसू द्या. वावर घेणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

या आधीचा टप्पा तर त्याहून शहाणपणाचा होता. सातबारा संगणकावर चढवताना चुका झाल्या होत्या, म्हणून २०१७ मध्ये गावोगावी चावडीवाचन झालं. संगणकातली नोंद मोठ्याने वाचायची, ज्याची जमीन त्याने ऐकायची, चूक असेल तर तिथेच सांगायची. मोठ्या कंपन्या वापरणाऱ्यांना खोलीत बसवून त्यांच्याकडून पडदा तपासून घेतात आणि त्यावर भरपूर पैसा घालवतात. आपल्याकडे ती रीत महसुली परंपरेतच होती. फक्त तिला कुणी झकपक नाव दिलं नव्हतं.

१५ ऑगस्ट २०२१ पासून मोबाइलवरची ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि बाराची, म्हणजे पिकांची, नोंद शेतकऱ्याच्या हाती आली. कल्पना चांगली, पण पहिल्या खेपेला पडदा अवघड होता. आमच्या भागात सोयाबीनच्या ओळींत तूर असतेच. एका वावरात एकच पीक धरून चालणाऱ्या माणसाने हा भाग पाहिलेला नसावा. २०२२ च्या खरिपात सुधारलेली आवृत्ती आली. मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिकं नोंदवता येऊ लागली, मदतीचं बटण आलं, आणि भरलेली माहिती ४८ तासांत दुरुस्त करायची सोय झाली. चुकायला जागा ठेवणं हा रचनेतला मोठेपणा आहे. कागदावर खाडाखोड तरी करता येते. पडद्यावर एकदा बटण दाबलं की संपलं, या भीतीनेच अर्धी माणसं मोबाइल पोराच्या हातात देतात. मात्र सर्व्हर अडतो, मुदतवाढ द्यावी लागते, हे दर हंगामाचं आहे.

रचना सुधारली तितकी सरकारी पत्रांतली वाक्यं सुधारली नाहीत. ‘उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने आपणांस कळविण्यात येते की’ इथून पत्र सुरू होतं आणि सहा ओळींनी क्रियापद येतं. मराठीत क्रियापद शेवटीच असतं. म्हणून लांब वाक्य मराठी वाचकाला जास्त छळतं. काय करायचं ते शेवटच्या शब्दाला कळतं, तोवर कोणी आणि कधी करायचं हे विसरलेलं असतं. वाक्य तोडावं, मुदत आधी सांगावी, एवढंच हवंय. १९७९ मध्ये क्रिसी माहर या बाईंनी लंडनच्या पार्लमेंट चौकात न कळणारे सरकारी कागद जाहीरपणे फाडले आणि तिथून साध्या इंग्रजीची चळवळ उभी राहिली. अमेरिकेने २०१० मध्ये सोप्या लेखनाचा कायदाच केला. आपल्याकडे राजभाषेचा कायदा १९६४ चा आहे. त्याने मराठीत लिहायला लावलं, कळेल असं लिहायला नाही.

सगळ्यांत मोठी अडचण मात्र नावांची आहे. आधारवर इंग्रजीत एक, सातबाऱ्यावर मराठीत दुसरं, बँकेत तिसरं. ‘वाघ’ डब्ल्यूने लिहायचं की व्हीने, हे कधीतरी कुणीतरी घाईत ठरवलेलं असतं. गणपत आणि गणपतराव, सुमन आणि सुमनबाई ही यंत्राला वेगळी माणसं वाटतात, आणि ‘नाव जुळत नाही’ एवढंच सांगून पडदा गप्प होतो. कोणतं नाव, कुठे जुळत नाही, दुरुस्ती कुठे करायची, हे सांगत नाही. राव आणि बाई हा फरक नसून मान आहे, हे समजणारी जुळणी लिहिणं अवघड नाही. वऱ्हाडात अशी नावं कशीकशी बदलतात, याची यादी सुलतानपूरच्या कुठल्याही सेवा केंद्रातला मुलगा अर्ध्या तासात करून देईल.