आधीच ठरलेला गुन्हेगार

खानापूरहून बेळगावला येऊन वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की हिंडलगा कारागृह लागतं. कर्नाटकातला फाशीचा तख्ता इथे आहे. माणूस फासावर जावा की जन्मठेपेवर सुटावा, हे ठरवताना एक प्रश्न हमखास येतो: हा पुढे पुन्हा हिंसा करील का? सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बचन सिंग निकालाने हा प्रश्न न्यायालयांपुढे ठेवला आणि आरोपी समाजाला कायमचा धोका आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली.

पण धोका मोजायचा कशाने?

कॅनडाच्या तुरुंगांत त्यासाठी गुणांची कोष्टकं आहेत. त्यांपैकी एकात कैदी सोळाव्या वर्षापर्यंत आई-वडिलांजवळ राहिला का, शाळेत नीट वागला का, आधीचे गुन्हे किती, असं विचारतात. उत्तरांची बेरीज म्हणजे त्याचा धोका. मुख्यतः बिगर-आदिवासींवर पारखलेली ही मापं आदिवासींना लागू पडतात का, हा वाद जेफ्री इवर्ट या मेटी आदिवासी समाजातल्या कैद्याने २००० पासून लढवला. १३ जून २०१८ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. शंका ठाऊक असूनही तुरुंग खात्याने ही मापं तपासून पाहिली नाहीत, त्यामुळे कैद्यांची माहिती अचूक ठेवण्याचं कायदेशीर कर्तव्य मोडलं, असं न्यायालय म्हणालं. त्या देशात सरकारनेच पिढ्यान्‌पिढ्या आदिवासी मुलं घरातून उचलून निवासी शाळांत कोंडली होती. पुढे त्याच तुटलेल्या बालपणाचे गुण त्यांच्या विरोधात मोजले गेले.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि गुन्हेगार जमाती कायदा इथेही होता. १८७१ पासूनच्या या कायद्याने जन्मालाच गुन्हा चिकटवला. पारधी, कैकाडी, कंजारभाट, छप्परबंद अशा जमातींवर हजेरी आली, गाव सोडायला परवाना आला. सोलापूर, विजापूर, गदग, हुबळी इथे तारांच्या कुंपणातल्या वसाहती उभ्या राहिल्या. १९२४ च्या कायद्यात तर आई-बापांपासून मुलं वेगळी करून सुधारशाळेत घालण्याची तरतूद होती. १९५२ मध्ये हा कायदा देशभर रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे त्याच्या जागी आले. कर्नाटकाचा १९६१ चा आहे.

आपल्याकडे गुणांचं कोष्टक नाही, पण पोलीस ठाण्यातली हिस्ट्रीशीट, म्हणजे संशयितांची नोंद, आहे. चोरी झाली की पहिला छापा भटक्यांच्या पालावर पडतो. त्यातून अटका वाढतात आणि त्या अटकांवरूनच माणूस धोकादायक ठरतो. ही नोंद त्या माणसाइतकीच पोलिसांच्या नजरेचीही असते. मे २०२४ मध्ये अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मागास आणि भटक्या समाजांतल्या निरपराधांची नावंही अशा नोंदींत यांत्रिकपणे चढवली जातात, याकडे लक्ष वेधलं. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगांतली जातीवर आधारलेली कामवाटणी घटनाबाह्य ठरली आणि तीन महिन्यांत नियमावल्या बदलण्याचा आदेश निघाला. काही नियमावल्यांत विमुक्त, म्हणजे पूर्वी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या, जमातींचा माणूस अजून ‘सराईत गुन्हेगार’ म्हणूनच उभा होता.

या नजरेची किंमत महाराष्ट्रातल्या सहा माणसांनी मोजली. भटक्या जमातीतले हे मजूर २००३ च्या एका प्रकरणात पकडले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाखांची भरपाई द्यायला सांगितलं. तोवर सोळा वर्षं गेली होती, आणि त्यांतला एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२२ च्या मनोज निकालापासून फाशीच्या खटल्यात आरोपीचा मानसशास्त्रीय अहवाल मागवावा लागतो. ही पद्धत चांगलीच आहे. आरोपीचं बालपण, गरिबी, आजारपण निदान न्यायालयापुढे येतं. मात्र प्रश्नावली कोणावर पारखलेली आहे, याची चौकशी वकिलाने आणि न्यायाधीशाने केलीच पाहिजे. पारध्याच्या घरातली बोली गुजरातीच्या जवळची, गावात तो मराठी किंवा कानडी बोलतो. त्याला ‘घर स्थिर होतं का’ असं विचारलं तर पालाला स्थिर म्हणायचं की अस्थिर? मुलाने शाळा सोडली तर ती त्याची बेफिकिरी, की पोलिसांनी उठवलेल्या पालाबरोबर बापाला गाव सोडावं लागलं म्हणून? तपासणाऱ्याला त्याची बोली येत होती का, दुभाष्या कोण होता, जुन्या अटकांपैकी किती शिक्षेपर्यंत टिकल्या, हे सगळं अहवालातच लिहिलेलं असायला हवं.