गिअर, स्टील आणि एन्झाइम

‘आपण इंजिनिअर, आपल्याला बायॉलॉजीचं काय पडलंय?’ असं म्हणून पान उलटू नका. एन्झाइम आणि प्रोटीन एकच का, हा प्रश्न मला नेहमी पडायचा. उत्तर सापडलं ते वर्कशॉपमध्येच!

स्टील हे मटेरियलचं नाव, गिअर हे कामाचं. तसंच प्रोटीन म्हणजे प्रथिन हा पदार्थ: अमिनो आम्लांची लांब साखळी, ठरावीक घडी घातलेली. एन्झाइम म्हणजे विकर, हे काम: रासायनिक क्रियेचा वेग वाढवायचा, पण स्वतः खर्ची पडायचं नाही. केसांतलं केराटिन प्रथिन आहे, विकर नव्हे. लाळेतलं अमायलेज मात्र दोन्ही आहे. मेसचा भात जरा जास्त वेळ चावून बघा, गोडसर लागेल! अमायलेज उकळलं तर घडी विस्कटते. साखळी तीच राहते, काम मात्र बंद.

आज हे सोपं वाटतं, पण एकेकाळी यावरून मोठा वाद होता. १९१५ चे नोबेल विजेते रिचर्ड विलस्टेटर यांचं ठाम मत होतं, की विकर हे प्रथिन नव्हेच. त्यांच्याविरुद्ध उभा राहिला अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातला जेम्स समनर. १७व्या वर्षी शिकारीच्या अपघातात त्याचा डावा हात गेला होता, आणि तो होता डावखुरा! नऊ वर्षं खपून १९२६ साली त्याने जॅक बीन नावाच्या शेंगेच्या बियांतून युरिएज या विकराचे स्फटिक मिळवले. तपासले तर प्रथिनच! (युरिएज युरियापासून अमोनिया तयार करतं. पाणी गेल्यावर हॉस्टेलच्या मुतारीत जो वास सुटतो, तो जंतूंमधल्या याच विकराचा प्रताप.) तरी बरेच जण मानेनात. १९३० मध्ये जॉन नॉर्थरॉपने पेप्सिनचे स्फटिक मिळवले आणि वारं फिरलं. १९४६ च्या नोबेलमध्ये दोघांचाही वाटा होता. विलस्टेटर यांचं नाव मोठं होतं, पण पुरावा त्याहून मोठा ठरला.

मग पुस्तकांत छापलं गेलं, ‘सर्व विकरं प्रथिनं असतात.’ पण गिअर नायलॉनचाही असतो ना? १९८०च्या दशकात टॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी दाखवून दिलं, की आरएनएसुद्धा विकराचं काम करतो. पुढे तर कळलं, की पेशीतल्या रायबोसोममध्ये अमिनो आम्लं जोडून प्रथिन बनवण्याचं मुख्य काम आरएनएच करतो!

तेव्हा बायोटेकचा रूममेट ‘सगळी विकरं प्रथिनंच’ म्हणाला, तर त्याला ‘सगळी’ खोडून ‘बहुतेक’ लिहायला सांगा. या एका शब्दाच्या दुरुस्तीला १९८९ चं नोबेल मिळालंय!